दत्तूमामांचं मंगळवारचं दुखणं

आमचे दत्तूमामा दर मंगळवारी आजारी पडत आणि बुधवारी सकाळी बरे होत. वरंधच्या वाटेवर त्यांची वाडी. तिथल्या सरकारी उपकेंद्रात सिस्टर रोज असत, डॉक्टर मात्र मंगळवारीच येत. हिवताप खात्यात फवारणी करून निवृत्त झालेल्या मामांच्या मते खातं तपासायचं तर रोगी व्हावं लागतं.

"लांबून बघून काय कळतंय? आत घुसून मूल्यमापन केलं पायजे!"

ही खोड सगळीकडे. महाडला माझ्या लग्नात त्यांनी वाढप्याला अडवून विचारलं, "शेवटच्या पंगतीला पण वरण एवढंच पातळ काय?" तो हो म्हणाला. "समान वाटप हाय," म्हणत मामा समाधानाने जेवले.

मग बातमी आली, की रोगी कमी म्हणून उपकेंद्र हलवणार आणि तपासणीला साहेब येणार. हललं तर वाडीतल्या बाळंतिणींना थेट महाड गाठावं लागणार. मामांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि लग्नात कामं वाटतात तशी दुखणी वाटली.

"सूनबाय, तुला चक्कर."

"ती यांच्यामुळे येतेच," माझी बायको म्हणाली.

"तुला रे, गुडघा."

"मामा, माझा गुडघा खरंच दुखतो."

"मग नको. खरं दुखणारा नीट बोलत नाय. तू खोकला घे."

केंद्राच्या ओसरीवर आम्ही रांगेत बसलो. साहेब डॉक्टरांशेजारीच खुर्ची टाकून होते. मी मन लावून खोकलो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि बायकोदेखत विचारलं, "सिगारेट किती ओढता?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही माहिती घरात अजून दिलेली नव्हती.

मग मामांचा नंबर.

"आज काय, मामा?"

"पोट."

साहेबांनी रोग्यांच्या नोंदवहीतून मान वर केली. "काका, दर मंगळवारी तुम्हीच कसे?"

"मूल्यमापनाला."

"आणि खरं काय होतंय?"

मामा एवढ्या वर्षांत या प्रश्नाची तयारी करून आले नव्हते. पोटावरचा हात त्यांनी हळूच मांडीवर ठेवला.

"ही गेल्यापासून घास उतरत नाय. एकट्यासाठी काय शिजवायचं? हितं आलं की कोनतरी विचारतं, काय होतंय म्हणून."

ओसरीवरचे आम्ही सगळे खोकायचं विसरलो. डॉक्टर म्हणाले, "याला माझ्याकडे गोळी नाही, मामा. पण रोज सिस्टरांकडे येऊन बसत जा." एवढं बोलून ते साहेबांकडे बघत राहिले.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "या की, काका. केंद्र कुठे जातंय?"

चक्कर दाखवायला माझ्या बायकोचा नंबर पुढचाच होता. तो सोडून ती उठली आणि मामांच्या घरी भात टाकायला गेली.