दुसऱ्या खिशातला वाघ

प्रफुलने माउस टेबलाच्या कडेला असा सारला, जणू ताटात नको ती भाजी वाढली गेली होती. मग कमलाबाईंकडे न बघताच म्हणाला, "कमलाबाई, घरात उंदीर पाळते का कोनी? मंग ऑफिसात काऊन पाळाचा?"

कमलाबाई त्या वनपरिक्षेत्र कार्यालयात बावीस वर्षं कारकून होत्या. मजकूर कॉपी करायला त्यांना माउस लागे, आणि तो नीट कॉपी झाला का हे बघायला चष्मा. त्यावरही विश्वास बसला नाही, तर त्या गावात फोन करून विचारत, "मिळालं का हो?" प्रफुलला या सगळ्याची कीव यायची. तीन वर्षांपूर्वी तो संगणकचालक म्हणून लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने ऑफिसच्या संगणकाची जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकलं. तेव्हापासून त्याच्यासमोर काळा पडदा असे आणि त्यावर पांढरी अक्षरं. कोणी साहेब येणार असला की तो ती अक्षरं हिरवी करून ठेवी.

"मंग फाइल उघडतोस कशी तू?" कमलाबाईंनी विचारलं.

"उघडाचीच नाई. एक ओळ टाइप केली का फाइलमधला मजकूर सीधा क्लिपबोर्डवर. मंग पाह्यजे तिथं कंट्रोल-व्ही. खतम."

"आन बरोबर चिकटला का नाई, हे कोन पाहते?"

"पाहाचं काय त्यात? मशीन हाय ते, मानूस नाई."

आता या मशीनची एक खोड होती, आणि ती प्रफुलला पक्की ठाऊक होती. कॉपी केलेला मजकूर ठेवायला त्यात दोन खिसे होते. कंट्रोल-व्ही दाबलं की एकाच ठरलेल्या खिशातला मजकूर चिकटे. पण काळ्या पडद्यावरून मजकूर पाठवताना कोणत्या खिशात टाकायचा हे ओळीच्या शेवटी लिहावं लागे. नाही लिहिलं तर तो गुपचूप दुसऱ्या खिशात जाऊन बसे, आणि पहिल्यात जुनंच काहीतरी पडून राही. हे प्रफुलने इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलं होतं, की आपल्याच हातून ते चुकेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

मोहफुलांचे दिवस होते. त्या सकाळी आठ वाजता मोहटोल्याच्या बायांना फुलं वेचताना वाघ दिसला. प्रफुलने दोन मिनिटांत सूचना तयार केली: 'सावधान. आपल्या गावालगत वाघाचा वावर आहे. जंगलात गेलेल्यांना परत बोलवावे. घराबाहेर पडू नये. थाळ्या, डबे वाजवून आवाज करावा. पुढील सूचना येईपर्यंत दार उघडू नये.' मजकूर बरोबर खिशात घातला आणि मोहटोल्याच्या ग्रुपवर चिकटवला. बाया सुखरूप घरी आल्या. हे काम त्याने चोख केलं, यात शंका नाही.

नऊ वाजता दुसरं काम निघालं. जिल्ह्याचे मोठे साहेब सावरगट्टा गावाला भेट देणार होते. गावोगाव सूचना झटपट पोचवण्याच्या प्रफुलच्या या व्यवस्थेचीच त्यांना पाहणी करायची होती. 'मा. साहेब सकाळी अकरा वाजता येत आहेत, सर्वांनी शाळेजवळ स्वागतास जमावे,' असा निरोप फाइलमध्ये तयार होता. प्रफुलने ओळ टाइप करायला घेतली, तेवढ्यात कमलाबाई म्हणाल्या, "मी बुधरीबाईले फोन करून सांगतो ना. सरपंच हाय ते."

"फोन!" प्रफुल एवढ्या जोरात हसला की त्याची बोटं थांबली. "बाई, लोक चंद्रावर चालले, आन तुमी फोन करून राह्यल्या!" आणि हसता हसता त्याने अर्ध्यावर राहिलेली ओळ तशीच एंटर केली. खिशाचं नाव राहिलं ते राहिलंच. मग सावरगट्ट्याचा ग्रुप उघडला, कंट्रोल-व्ही, एंटर. पडद्याकडे पाहिलंही नाही. कमलाबाईंचा चेहरा बघण्यात त्याला जास्त गोडी होती.

दहा वाजता तो साहेबांच्या गाडीत बसला. साहेब मोठ्या शहरातले, नवीन बदलून आलेले. वाटेत प्रफुल त्यांना यंत्रणा समजावत होता, आणि साहेब "तळागाळापर्यंत, तळागाळापर्यंत" असं म्हणत मान डोलवत होते. मध्येच कमलाबाईंचा फोन आला. प्रफुलने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. असं चार वेळा झालं.

"काही तातडीचं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"प्रिंटरमध्ये कागद अडकला असेल, साहेब. अशी माणसं घेऊन काम करावं लागतं."

पुढे घाट लागला आणि रेंज गेली.

सावरगट्ट्याच्या वेशीवरूनच आवाज यायला लागला. थाळ्या, डबे, पत्रे, आणि कोणीतरी रिकामा ड्रमही बडवत होतं. साहेब सुखावले. त्यांनी टोपी सारखी केली. "एवढं स्वागत? अहो, मी साधा माणूस आहे."

गाडी शाळेजवळ थांबली. मैदानात एक माणूस नव्हता. सगळं गाव घरकुलांच्या स्लॅबवर चढलं होतं आणि जीव खाऊन वाजवत होतं. खाली रस्त्याच्या कडेला चार शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या, निवांत रवंथ करत. वरून म्हातारा इसरू दोन्ही हातांनी खुणा करत ओरडला, "घरात घुसा जी! घरात घुसा!"

"ते काय म्हणताहेत?" साहेबांनी विचारलं.

प्रफुलने रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. तरी तो म्हणाला, "या, बसा म्हणताहेत, साहेब."

"आणि 'वाघ, वाघ' काय ओरडताहेत?"

"तुमचा... गौरव, साहेब. वाघासारखा माणूस म्हणून."

साहेबांनी हसून दोन्ही हात वर केले आणि चारही दिशांना हलवले. तेवढ्यात समोरच्या घराचं दार उघडलं, सरपंच बुधरीबाई पळत आल्या आणि त्यांनी साहेबांचा दंड धरला. "हात काय हालवता जी? पाय हालवा!"

दुसऱ्या क्षणी साहेब घरात होते, मागोमाग प्रफुल, आणि दाराला आतून अडसर. चालकाने गाडीच्या काचा वर केल्या आणि आडवा झाला.

"हे काय चाललंय?" साहेबांचा आवाज चिरकला.

बुधरीबाईंनी आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "तुमच्याच ऑफिसचा हुकूम हाय. वाचा."

साहेबांनी मोठ्याने वाचलं. 'सावधान. आपल्या गावालगत वाघाचा...' पुढचं त्यांनी पुटपुटत वाचलं. प्रफुलने मजकूर ओळखला. त्याचाच होता, काना-मात्रेसकट. कोणता निरोप कोणत्या खिशात राहिला हे त्याला एका क्षणात दिसलं. गावात वाघ नव्हता. वाघ इथून वीस किलोमीटरवर, मोहटोल्याला होता. एवढं एक वाक्य बोललं की सगळे मोकळे. पण ते बोलल्यावर प्रफुलही नोकरीतून मोकळा झाला असता. त्याने अडसर नीट बसलाय का ते चाचपलं.

"पुढील सूचना येईपर्यंत दार उघडू नये," साहेबांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. "मग ती पुढील सूचना कोण देणार?"

"ऑफिसच्या संगणकावरूनच जाते, साहेब," प्रफुल क्षीणपणे म्हणाला. "तशीच सोय केली आहे. सुरक्षेसाठी."

साहेबांनी फोन काढला. रेंज अंगणात होती, आणि अंगणात, त्यांच्या समजुतीप्रमाणे, वाघ होता. ते मोहफुलांच्या टोपल्यांशेजारी बसले.

बुधरीबाईंनी पाणी दिलं. मग भिंतीवरच्या पिशवीतून कागद काढले आणि साहेबांसमोर पसरले. हापशीच्या वाटेवर वाघ बसतो, तिथे सौर दिवे द्या आणि गस्त लावा, असा अर्ज होता. एकदा नव्हे, दोन वर्षांत तीनदा केलेला. तिन्ही अर्जांना उत्तर आलं होतं. साहेबांनी पहिलं वाचलं: 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली असून यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल.' दुसरं वाचलं. तेच. तिसरंही तेच, फक्त त्यात सावरगट्ट्याच्या जागी चिचटोला होतं.

"आमचं गावच बदलून टाकलं जी तिसऱ्यात," बुधरीबाई म्हणाल्या.

"ही पत्रं कोणी केली?" साहेबांनी प्रफुलकडे पाहिलं.

"मजकूर... प्रमाणित आहे, साहेब," प्रफुल म्हणाला. तीन अर्ज, तीन कंट्रोल-व्ही. अर्ज त्याने एकदाही वाचला नव्हता. हापशीची वाट कुठे आहे, हेही त्याला आज कळत होतं.

"बघतो," साहेबांनी कागद गोळा केले. "प्रस्ताव मागवतो. वर पाठवतो."

त्याबरोबर डोक्यावर स्लॅबवर थाळी दणाणली. इसरूचा आवाज आला, "वळला वो! इकडंच वळला!"

साहेबांनी पाय जवळ घेतले. "निधी असला तर..." ते म्हणाले. पुन्हा थाळी. "म्हणजे निधी आहे, तसा आहे!" या वेळी थाळीसोबत ड्रमही वाजला. साहेबांनी पेन काढलं आणि अर्जावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'दहा दिवसांत दिवे बसवावे. गस्त उद्यापासून.' खाली सही केली, तारीख घातली. बुधरीबाईंनी कागद उजेडाकडे धरून अक्षरन् अक्षर वाचलं, तो घडी घालून कनवटीला लावला आणि अडसर काढला.

"चला जी. गेला वाघ."

"पुढील सूचना आली?"

"आमच्या इसरूदादाले वासावरून समजते."

साहेब अंगणात आले आणि थक्क होऊन वर इसरूकडे बघत राहिले. स्लॅबवरची पोरं तोंडावर हात दाबून खाली बसली होती. बाहेर चारही शेळ्या मघाच्याच जागी रवंथ करत होत्या. साहेब गाडीकडे घाईने निघाले. प्रफुल मात्र शेळ्यांपाशी थबकला.

"बुधरीबाई, ह्या शेळ्या तवापासून बाहेरच होत्या?"

"हाव."

"वाघ फिरत असताना?"

"वाघ कुठी होता?" बुधरीबाई शांतपणे म्हणाल्या. "कमलाबाईचा फोन दहालेच आला, 'मिळालं का हो?' इचाराले. 'मॅसेज चुकून आला, वाघ नाई, साहेब येऊन राह्यले, शाळेपाशी जमा,' म्हने."

प्रफुलला गाडीतले चार फोन आठवले. "मंग जमले काऊन नाई तुमी?"

"दोन वर्सं तुमच्या ऑफिसच्या बाहेरच तं जमून राह्यलो, बापा. आज म्हटलं, साहेबालेच आत घेऊ."

परतीच्या वाटेवर साहेब उत्साहात होते. संपूर्ण गाव एका निरोपावर बंद झालं, एकही माणूस रस्त्यावर नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अशी व्यवस्था सगळ्या जिल्ह्यात हवी, असं ते म्हणाले, आणि प्रफुलच्या पाठीवर थाप मारली. प्रफुल "हो साहेब" म्हणाला.

नवव्या दिवशी सावरगट्ट्याच्या हापशीच्या वाटेवर दिवे लागले. ही बातमी रानातल्या गावांत कशी पसरली कोण जाणे. कोणत्या ग्रुपवर तर ती नव्हती. दहाव्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. कमलाबाईंनी उचलला, ऐकला, आणि प्रफुलसमोर धरला.

पलीकडे उमरटोल्याच्या सरपंच मंगलीबाई होत्या. आवाज अदबीचा होता.

"प्रफुलभाऊ, आमचा पुलाचा अर्ज चार वर्सं झाले पडून हाय जी. तं इचाराचं होतं, तो चुकीचा मॅसेज आमच्या गावाले कवा पाठवता?"