गच्चीवर जाणारं तेल

श्रीनिवासरावांनी तेलाच्या कॅनवर पेनानं एक बारीक रेघ मारली आणि तिथूनच सगळं बिघडलं.

रेघ मारायला कारण होतं. कोलेस्टेरॉल पाहून डॉक्टरांनी त्यांचं तेल बंद केलं होतं. तेव्हापासून त्यांच्या वाट्याला उकडलेला दुधी, कोरडा फुलका आणि शैलाताईंची करडी नजर एवढंच येत होतं. (नजर आधीपासून होती, पण तेव्हा सोबत फोडणी असायची.) आणि तरीही कॅन भराभर रिकामा होत होता! दोनच दिवसांत तेल रेघेच्या चार बोटं खाली गेलं. मिठाचे पुडेही गडप होऊ लागले.

"शैला, तेल कुठं जातं?"

"देवापुढच्या दिव्याला लागतं."

"आणि दिव्याला मीठही लागतं?"

"तुमचा चहा गार होतोय."

श्रीनिवासराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. दुष्काळाचं वर्ष, धरणाची पातळी रोज घसरायची आणि ते 'बाष्पीभवन' असं लिहून वर कळवायचे. पण कॅनला झाकण होतं. शेवटी त्यांनी शेजारच्या काकासाहेबांना विश्वासात घेतलं. पडेगावातली ही रो-हाऊसची कॉलनी काकासाहेबांच्याच शेतावर उभी होती, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय याची चौकशी करणं ते आपला हक्क समजत.

"साहेब, तेल बी जातंय, मीठ बी जातंय. म्हंजी तळण चाललंय. ह्यात काय इचार करायचा?"

"पण वास येत नाही हो."

"वास कसा यील? वहिनी अन् ताई दुपारच्या गच्चीवर जायलेत रोज. म्या बघतो ना!"

श्रीनिवासरावांचं डोकं भणाणलं. गच्चीवर ताडपत्रीखाली निळे ड्रम होते, कुलपं लावलेले. आठवड्याला एक टँकर येणाऱ्या कॉलनीत घरोघरी ड्रमला कुलूप असायचं, म्हणून त्यांना कधी शंका आली नव्हती. आता मात्र ताडपत्रीखाली कढई, शेगडी आणि कांदाभज्यांचा घाणा त्यांना स्पष्ट दिसू लागला. आपण दुधी गिळायचा आणि बायको-मुलीनं वर बसून भजी हाणायची! हा अन्याय होता.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते गच्चीवरच्या रिकाम्या टाकीमागे दबा धरून बसले. (ऊन असं होतं की कढईची गरजच नव्हती.) थोड्या वेळानं शैलाताई आणि मनस्विनी वर आल्या. मनस्विनी म्हणजे त्यांची मुलगी, विद्यापीठात प्राणिशास्त्रात पीएचडी करणारी. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"आई, या कडेच्यांना तेल जास्तीचं. फार सोसतायत गं बिचारे."

"आणि तुझे बाबा?"

"त्यांना काय सोसायचंय?"

श्रीनिवासराव दात-ओठ खाऊन उठणार, तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. टँकर म्हटल्यावर कोण थांबतंय? डबा तिथंच ठेवून, ड्रमचं झाकण उघडं टाकून दोघी पाईप घेऊन धावल्या.

डब्यात तेलानं चकाकणारे बारीक गोळे होते. श्रीनिवासरावांनी एक गोळा पुरावा म्हणून खाल्ला. दुसरा खात्री करून घ्यायला खाल्ला. चव चमत्कारिक होती, पण तेल होतं! आणि इतक्या दुधीनंतर बाकीच्या गोष्टींकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत ते नव्हते. डब्याचा तळ दिसल्यावर त्यांना तहान लागली. त्यांनी ड्रममध्ये ओंजळ घालून एक घोट घेतला. पाणी खारट! दुसऱ्या ओंजळीला पाणी आलंच नाही, अंगठा धरून एक खेकडा वर आला.

त्यांच्या बोंबेनं टँकरभोवतीची अख्खी कॉलनी वर बघू लागली.

"वहिनी, धावा!" काकासाहेब ओरडले. "साहेब खेकडे खायलेत!"

मनस्विनीनं वर येऊन आधी खेकडा सोडवला, मग रिकामा डबा पाहिला आणि रडायलाच लागली.

"बाबा, दुष्काळात शेततळ्यांत बोअरचं खारं पाणी सोडतात, तसंच या ड्रमांत मीठ घालून केलंय. खेकड्यांची सगळी ताकद अंगातलं मीठ आवरण्यातच जाते. खाण्यात तेल वाढवलं तर ती पुरते का, तेच मी बघतेय. उद्या माझ्या गाईड मॅडम खेकड्यांची वजनं घ्यायला येणार आणि तुम्ही खाद्यच संपवलंत! प्रयोग मोडला तर पैठणला आता नदीत पाणी नाही, नवे खेकडे आणू कुठून? माझं सगळं वर्ष गेलं."

"पण मला सांगायचं तरी!"

"लॅबचे नळ आटले तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पूजेच्या घरात खेकडे आले तर मी बाहेर पडेन."

"तुम्ही बाहेर पडू नये म्हणून ते गच्चीवर ठेवले," शैलाताई शांतपणे म्हणाल्या. "आणि त्या गोळ्यांत माशाचंही तेल होतं बरं का."

श्रीनिवासरावांनी घाईघाईनं तोंड पुसलं. पण लेकीच्या डोळ्यांतलं पाणी काही तसं पुसता येईना. कढईभर भज्यांच्या संशयापायी त्यांनी पोरीचं वर्ष खाऊन टाकलं होतं. रात्री त्यांनी दुधीसुद्धा मागितला नाही.

सकाळी मॅडम आल्या. वजनं झाली. मनस्विनीनं घाबरत घाबरत सांगितलं, "मॅडम, कडेच्या ड्रमचं खाद्य काल दुसऱ्याच प्राण्यानं खाल्लं."

"एका दिवसाच्या उपासानं काही होत नाही. तसं लिहून ठेव आणि पुढे चालू ठेव."

चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या श्रीनिवासरावांच्या जिवात जीव आला.

"पण प्राणी कुठला?" मॅडमनी विचारलं.

शैलाताईंनी डोळ्यांनीच ट्रेकडे खूण केली. मॅडमनी चष्मा सारखा करून श्रीनिवासरावांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मीठ आणि तेल, दोन्ही सोसलं?"

"सोसलं," शैलाताई म्हणाल्या.

"मग अभ्यासाला घ्यायला हरकत नव्हती. पण आम्ही वाढ मोजतो ती कात टाकण्यावरून."

"मग नाही जमायचं हो मॅडम," शैलाताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून एकदाही टाकलेली नाही."