राजासाठी आजारी पडलेला उंदीर

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राजा होता. तो दिवसभर मध खायचा आणि खाऊन झाला की आणखी कुठे आहे ते विचारायचा.

एकदा राजा झाडाआड जाऊन आला आणि तिथे मुंग्यांची रांग लागली. वैद्यराज करकोच्याने मान हलवली.

"महाराज, मधुमेह झालाय. मध बंद, चालणं सुरू."

"मी औषध विचारलं, शिक्षा नाही," राजा म्हणाला.

नवे औषध राजाला एकदम कसे द्यायचे? म्हणून बारकू उंदराला पिंजऱ्यात आणले. त्याची पिल्ले नुकतीच जन्मली होती, त्यांचे डोळेही उघडले नव्हते.

"पण मी ठणठणीत आहे, वैद्यराज!"

"तीच अडचण आहे. आधी तुला आजारी पाडू. बरा झालास की घरी जा."

"उंदराचं औषध अस्वलाला लागू पडेल?"

"आतून सगळे सारखेच रे."

बारकूला मध मिळू लागला आणि हलायची बंदी झाली. तो टम्म फुगला. मुंग्या आल्या, तेव्हा करकोच्याने त्याचे अभिनंदन केले. मग कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बिया झाल्या. रोज चोचीने शेपटी टोचून रक्त काढणे झाले. मुंग्या काही हटेनात.

पुढे मधाची टंचाई आली. राजाने बारकूच्या वाटचाही मध खाल्ला. बारकूला मूठभर दाणे मिळू लागले. पिल्लांच्या आठवणीने जीव कासावीस होऊन तो पिंजऱ्यात येरझाऱ्या घालायचा. हळूहळू मुंग्या यायच्या थांबल्या.

"बरा झालो! जाऊ घरी?"

करकोचा धावत दरबारात गेला. मध बंद आणि येरझाऱ्या सुरू, हा उपाय ऐकून राजा गुरगुरला.

"हा उंदराचा उपाय झाला."

"पण महाराज, आतून तो आपल्यासारखाच आहे."

"आजारी होता तोवर माझ्यासारखा होता. बरा झाला तेव्हा उंदीर झाला."

दरबाराने माना डोलावल्या. मध शोधायला माकडे धावली.

संध्याकाळी बारकूची बायको पिल्लांना घेऊन पिंजऱ्यापाशी आली. पिल्लांचे डोळे उघडले होते.

"आई, हे कोण?"

बारकूला रडू फुटले. तेवढ्यात पिंजऱ्याचे दार उघडले. तो लगबगीने उठला. करकोच्याने मधाने भरलेले पान आत सरकवले आणि दार लावून घेतले.

तात्पर्य: बाळांनो, जरूर बरे व्हा. पण ज्याच्यासाठी आजारी पडलात, त्याच्या आधी होऊ नका.