आडव्या बाटल्यांचे घर

माझे शेजारी सुभेदार आनंदराव यांच्या घरात कित्येक महिने एकही बाटली उभी नव्हती. खोबरेलाची, फिनेलची, काकवीची, इंदूवहिनींच्या गुडघ्यांच्या तेलाची, पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या पाण्याची, सगळ्या फळीवर आणि खिडकीत ओळीने निजलेल्या. नवख्या माणसाला वाटावे, या घरात माणसांआधी बाटल्या वामकुक्षी घेतात.

चुकून एखादी उभी दिसली, की सुभेदार तिच्यासमोर ताठ उभे राहत, पांढऱ्या मिशीवरून बोट फिरवत आणि पलटणीतला आडवे होण्याचा हुकूम सोडत, "लेट पोझिशन!" बाटली अर्थातच ऐकत नसे. मग ते स्वतः तिला आडवी करत.

"आवं, झाकणातनं तेल गळतंय," वहिनी चुलीपासून ओरडत. "समदी फळी माखली. मुंग्यांची जत्रा भरलीया हितं!"

"भरू दे. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

"पलटणीत ऑर्डर द्यायला मानसं तरी व्हती. आता बाटल्या घावल्यात."

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. कोणत्याही आचाराच्या मुळाशी काही हेतू असतो, अशी माझी श्रद्धा आहे. म्हणून गाव हसत असताना मी मात्र कुतूहलाने पाहत राहिलो. या कुतूहलाची किंमत मला एका एकादशीला मोजावी लागली. सुभेदारांच्या घरी विष्णुसहस्रनामाचा पाठ करण्यासाठी गेलो होतो. काशीहून आणलेल्या गंगाजलाची बाटली चौरंगावर ठेवली, डोळे मिटले आणि ध्यानाचा श्लोक अर्ध्यावर असतानाच मांडीला ओल लागली. पाहतो तो साक्षात गंगामाई चौरंगावरून उतरून माझ्या पोथीकडे निघालेली.

"सुभेदार! अहो, हे गंगाजल आहे!"

"गंगा असू दे न्हाईतर यमुना, शास्त्रीबुवा. बाटली हाय न्हवं?"

शिवाच्या जटेत जी सामावली, ती सुभेदारांनी आडव्या केलेल्या बाटलीत काही सामावली नाही. पोथी उन्हात वाळवली. तिची पाने अजूनही फुगलेली आहेत.

या साऱ्याचे कारण गावाला ठाऊक होते; निदान गावाला तसे वाटत होते. आमच्या गावातले देशी दारूचे दुकान बंद व्हावे, अशी मागणी बायकांनी केली होती आणि सरकारने मतदान ठेवले होते. हे मतदान फक्त स्त्रियांचे असते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान चालू राहावे असे वाटले तर उभीवर शिक्का, बंद व्हावे असे वाटले तर आडवीवर. सुभेदारांनी आडव्या बाटलीचा प्रचार हाती घेतला होता, आणि प्रचाराची सुरुवात माणसाने घरापासून करावी, हे कोणालाही पटण्यासारखेच होते.

त्यांना जिंकायचे होते, आणि त्याचे कारणही उघड होते. त्यांचा धाकटा भाऊ बबन सांगलीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात होता. आई-वडील लवकर गेल्यावर सुभेदारांनीच त्याला वाढवले, पगारातून शिकवले. तो ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक झाला, मग बाटलीच्या नादाने ट्रॅक्टरही गेला. आता तो बरा होऊन येणार होता. आणि एसटीच्या थांब्यावरून आमच्या आळीत येणारी वाट नेमकी त्या दुकानाच्या दारावरून जाते. बबन येण्याआधी ते दार बंद व्हावे, एवढीच सुभेदारांची इच्छा होती.

त्यांनी बायकांची तालीम घेतली. देवळाच्या मंडपात एक रिकामी बाटली घेऊन ते बसत आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारत, "पोझिशन काय? शिक्का कुटं मारनार?" सखूआत्या नावाची आमच्या गावातली वृद्धा पुढे आली आणि ठणकावून म्हणाली, "उभ्या बाटलीवर."

सुभेदार पुढे सरकले.

"आवं आत्या, असं का?"

"आमचं म्हातारं पिऊन रोज गटारीत आडवं पडतं. मला आडवं नगं बाबा. उभंच बरं."

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी बाटली आत्यांसमोर उभी केली. "ही अशी उभी, तवा म्हातारं आडवं." मग ती हळूच निजवली. "ही अशी आडवी केली, की म्हातारं उभं ऱ्हातं. कळलं?"

आत्यांनी बाटलीकडे बराच वेळ पाहिले. "असं व्हय? मग आदी सांगायचं न्हाई का, मुडद्या!"

एक असले की दुसरे असते, नसले की नसते, हे अन्वय आणि व्यतिरेक शिकवताना मी वर्षानुवर्षे धूर आणि अग्नी यांचा आधार घेतला. बाटली हाताशी असती, तर माझे विद्यार्थी कदाचित जागे राहिले असते.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे बायकांची रांग लागली. सखूआत्या काठी टेकत आल्या आणि बाहेर पडताना सुभेदारांना मोठ्याने म्हणाल्या, "निजवली रं!" संध्याकाळी मोजणी झाली. उभ्या बाटलीला फार थोडी मते होती. आडवीची चळत वाढतच गेली. पोरांनी ढोल-ताशे आणून ठेवले होते.

पण बाटली उभीच राहिली. कायद्याची अट अशी, की गावातल्या सगळ्या नोंदलेल्या स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीला मत द्यावे लागते. आलेल्यांतल्या निम्म्या पुरत नाहीत. आणि आमच्या कितीतरी लेकीबाळी लग्न होऊन गेलेल्या, कितीतरी सुना पुण्या-मुंबईत कामाला. नावे मात्र इथेच. मी अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारले, "जी आलीच नाही, तिचे मत कोणाला गेले?" ते सौजन्याने म्हणाले, "कोणालाच नाही, गुरुजी." मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. कोणालाच न गेलेल्या मतांवर दुकान मात्र चालू राहिले होते. यावर भाष्य करणारा एखादा जुना मीमांसक मला भेटायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार माझ्या ओट्यावर येऊन बसले. मिशी खाली आली होती.

"झाले ते झाले," मी म्हणालो. "आता मतदान संपले. निदान वहिनींच्या तेलाच्या बाटल्या तरी उभ्या करा."

"त्या मतासाटी न्हवत्या आडव्या, शास्त्रीबुवा."

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

"सुट्टीवर यायचो तवा कँटीनची रम आनायचो म्या. भिंतीतल्या देवळीत उभी करायचो, गनपतीच्या तसबिरीशेजारी. आल्यागेल्याला दिसावी म्हनून. लय मिजास व्हती. बबन तवा शाळंत. टकामका बघायचा. एकदा सुट्टी संपली, म्या पलटणीत गेलो. बाटलीत थोडी उरली व्हती. पुडल्या सुट्टीला आलो, तर रिकामी. पयल्यांदा सांगलीला भेटाय गेलो, तवा म्हनला, 'दादा, बाटली उभी दिसली की मला ती देवळी दिसती. मग आत तेल असू दे, न्हाईतर पानी.' पयली म्याच उभी केली व्हती, शास्त्रीबुवा. दुसऱ्या कुनी न्हाई."



बबन आला त्या दिवशी आम्ही दोघे थांब्यावर गेलो. एसटीतून एक सावळा, उंच, थोडा वाकलेला माणूस पिशवी घेऊन उतरला. सुभेदार घाईने म्हणाले, "मळ्यातनं जाऊ. तिकडनं गार हाय."

"दादा, मळ्यातनं रोज कुटं जायाचं? वाट हीच हाय."

दुकानाच्या दारातून कोणीतरी हाक मारली, "काय बबनराव, कवा आलासा? या की!"

"आत्ताच आलोय. वयनीनं च्या ठेवलाय," बबन म्हणाला, आणि चालत राहिला. सुभेदार त्याच्या आणि दुकानाच्या मधून चालत होते. आडोसा धरावा तसे.

घरात शिरताना मी पायरीवरच थबकून हातात बाटली नाही ना, हे पाहिले. गंगाजल आणले होते, पण त्या दिवशी तांब्याच्या गडूतून. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चहा दिला. बबनची नजर फळीवरून हळूहळू फिरत गेली. तेवढ्यात खोबरेलाच्या बाटलीतून एक थेंब खाली पडला, मग दुसरा.

बबन उठला. सुभेदारांचा कप तोंडाशीच थांबला.

त्याने बाटली उचलली, झाकण घट्ट केले, खांद्यावरच्या पंच्याने बूड पुसले आणि ती फळीवर उभी ठेवली. "दादा, तेल वाया चाललंय," म्हणाला, आणि हात धुवायला मागच्या दारी गेला.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि हळूच विचारले, "मग बाकीच्या बी करू का उभ्या?"

सुभेदार त्या एकट्या उभ्या बाटलीकडे पाहत होते. मागच्या दारी पाण्याचा आवाज येत होता.

"नगं," ते म्हणाले. "आज एवडी एकच असू दे. उद्याचं उद्या बघू."