रुखवताचे रिकामे हंडे

धरणं उद्यावर आलं होतं आणि शुभांगीकडे गाडी नव्हती. करंजपाड्याच्या बायकांना नाशकात आणायला ठरवलेल्या ट्रकवाल्याने सकाळीच फोनवर हात वर केले होते. तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. संस्थेच्या दोन खोल्यांत ती येरझाऱ्या घालत होती आणि संध्याताई शांतपणे फलकावर 'हातपंप आमच्या हक्काचा' रंगवत बसल्या होत्या.

"ताई, आता काय करायचं?"

"धरणं तुझं आहे. तूच बघ."

संध्याताईंची संस्था पाण्यासाठी भांडायची. दर वर्षी समाजकार्याच्या कॉलेजातून तिथे दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला कोणी ना कोणी यायचं आणि शेवटी एक धरणं एकट्याने पार पाडायचं, हा ताईंचा शिरस्ता. ज्याचं जमलं तो तिथेच राहून कार्यकर्ता झाला, ज्याचं फसलं तो विमा विकू लागला. शुभांगीला मनापासून राहायचं होतं. पण मखमलाबादला झेंडू लावणाऱ्या तिच्या वडिलांनी, खंडेरावांनी, बजावून ठेवलं होतं, "दोन महिने काय नाचायचं ते नाच. मग गपगुमान कॉम्प्युटरचा क्लास."

ती तडक एसटी डेपोत गेली. "उद्या एक गाडी मिळेल का? करंजपाड्याहून नाशिक."

खिडकीतल्या क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. "मोर्चा-बिर्चा असंल तर वरच्या साहेबांची परवानगी आणा, चार दिवस जातील. लग्न असंल तर उद्या मिळंल."

"लग्नच आहे," शुभांगी म्हणाली.

"कोणाचं?"

असं कोणी विचारेल याचा तिने विचारच केला नव्हता. "माझं."

खोटं बोलायची सवय नसल्याने तिने बाकीचं सगळं खरं सांगून टाकलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि गाडी थांबायची जागा म्हणून जिल्हा कचेरी. हा क्लार्क मोतीराम खंडेरावांचा शाळेतला दोस्त निघेल, हे तिला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली. ड्रायव्हर रावजी हौशी माणूस. त्याने पुढच्या काचेवर हार सोडला होता आणि दाराला आंब्याचे डहाळे बांधले होते. "नवरी माझ्याजवळ पुढं बसंल," त्याने जाहीर केलं. "आन् नवरदेव?"

पाड्यावरच्या पुतळाबाईनेच बाजू सांभाळली. "तो तिकडं हापिसात वाट पाहतोय. तू चल."

बायका रिकामे हंडे घेऊन चढल्या. गाडी लग्नाची म्हटल्यावर मुकाट्याने कशाला बसायचं, म्हणून गाणी सुरू झाली. शुभांगी मात्र नवरीच्या जागेवर बसून नाशिक येईपर्यंत नखं कुरतडत होती.

कचेरीच्या फाटकावर मोर्चा अडवायला पोलीस उभा होता. त्याच आवारात लग्नंही नोंदवली जायची. त्याने हार पाहिला, गाणी ऐकली, हंडे पाहिले. "रुखवत लय दिसतंय," असं म्हणून त्याने फाटक उघडलं. "लवकर उरका बरं का. आज मोर्चा येणार हाय."

रुखवत थेट पंपांच्या साहेबांच्या दारात मांडलं गेलं. साहेब मुरलेले होते. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणत त्यांनी बॅग उचलली. हे असं ते दोन वर्षं म्हणत होते. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी शुभांगीकडे. आपण दारोदार विमा विकत फिरतोय, असं तिला स्पष्ट दिसू लागलं.

तेवढ्यात झेंडूच्या पाट्यांसकट एक टेम्पो आवारात घुसला. मोतीरामने सकाळी फोन करून खंडेरावांचं अभिनंदन केलं होतं. वर, आपल्याला बोलावणं नाही म्हणून रुसवाही काढला होता.

"कुठंय तो?" खंडेराव गरजले.

"कोण?" पुतळाबाईने विचारलं.

"नवरदेव."

"नवरदेव कसला, दादा. आमचा पंप मोडलाय. गाडी मिळंना, म्हून पोरीनं लगीन काढलं."

खंडेरावांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घातली. त्यांचा जीव भांड्यात पडला खरा, पण मखमलाबादहून तापवत आणलेला राग तसाच परत कसा न्यायचा? शिवाय कालव्याच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात भांडणारा हा माणूस. पाणी म्हटलं की त्याचे कान टवकारायचेच.

"पंप कवापासून मोडलाय?"

"दोन उन्हाळं झालं."

खंडेराव साहेबांकडे वळले. सगळा राग त्यांनी तिथे रिकामा केला आणि मग दारात आडवे बसले. साहेबांना बॅगेसकट मागे सरावं लागलं.

"अहो, मेकॅनिक आहे," साहेब काकुळतीला आले. "पण त्याला न्यायला जीप नाही."

"एसटी उभी हाय ना भायेर. परत जायचीच हाय."

अशा रीतीने मेकॅनिक हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला. रावजीने काचेवरचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला. संध्याकाळी पंपाला पाणी आलं आणि बायकांनी रुखवत भरून घेतलं.

"तुझी जागा पक्की," संध्याताई शुभांगीला म्हणाल्या. "फक्त घरी विचारून ये."

सोमवारी सकाळपर्यंत तिने विचारायचं वाक्य शंभरदा घोकलं. अंगणात आली तर टेम्पो चालू होता आणि तिची कापडी पिशवी वडिलांच्या खांद्याला होती.

"अण्णा, माझी पिशवी?"

"संध्याबाईंचा निरोप आलाय. शेजारच्या पाड्याचाबी पंप बंद हाय. तुमच्यासारखा माणूस पायजे म्हणल्या."

"आणि मी?"

"तू झेंडू तोड. मग क्लासचं बघ. एका घरात दोन-दोन कार्यकर्ते कसे परवडायचे?"

शुभांगीने घोकलेलं वाक्य गिळलं. ती टेम्पोच्या पुढे गेली आणि मातीत मांडी घालून बसली.

खंडेरावांनी हॉर्न वाजवून पाहिला. मग इंजिन बंद केलं.

"मागण्या काय हायेत?"

"एकच. पुढची सीट."

खंडेरावांनी शेजारच्या सीटवरची झेंडूची पाटी उचलून मागे ठेवली.