डेलबर्टचं डांबरी दिसणारं छप्पर

विमा कंपनीचा तपासनीस आणि बर्डेटबाई एकाच वेळी अंगणात उगवले, तिथेच डेलबर्ट हॅस्केटचे बारा वाजले.

छप्पर पत्र्याचं आहे हे तपासनिसाला पटलं, तरच विम्याच्या हप्त्यात सवलत. आणि ते पत्र्याचं नाही हे बर्डेटबाईंना पटायला हवं, कारण बाई कॉलनीच्या अध्यक्ष, आणि 'पत्रा गोठ्यावर शोभतो, घरावर नाही' हा नियम त्यांनीच केलेला. ओक्लाहोमात लिंबाएवढ्या गारा पडून डांबरी छपरांची चाळण होते, ते मात्र बाईंना शोभतं! म्हणून डेलबर्टने शक्कल लढवली होती. वर खडीचा थर, हुबेहूब डांबरी दिसणारा पत्रा. त्यात पैसे गेले ते व्हर्नाचे, म्हणजे बायकोचे. अलास्कातल्या बहिणीकडे जायला साठवलेले.

"सवलत मिळू दे, तिकीट काढतोच," असं त्याने तिला वचन दिलं होतं.

"इथनं तर डांबरीच दिसतंय," तपासनीस मान वर करून म्हणाला.

"डांबरीच आहे ते! हो ना, डेलबर्ट?" बर्डेटबाईंनी डोळे बारीक केले.

डेलबर्टने आधी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, मग तपासनिसाकडे बघून नकारार्थी हलवली. तपासनीस शिडीवर चढला आणि खिशातलं लोहचुंबक छपराला लावलं. ते टक्कन चिकटलं.

"हे काय चिकटलं?" बाई.

"खिळे हो, बाई! वाऱ्याचं भय म्हणून जरा जास्तीच ठोकून घेतलेत."

"नुसते खिळे असतील तर सवलत नाही मिळायची," वरून आवाज आला.

"छे छे, नुसते कुठे!" डेलबर्ट वर ओरडला, आणि खाली बाईंकडे बघून कसनुसा हसला.

"डेल, सांगून टाक खरं काय ते," व्हर्ना व्हरांड्यातून कडाडली. "माझं तिकीट लटकलंय त्या छपरावर!"

"कसलं खरं?" बाई उसळल्या. "पत्रा निघाला ना, तर उतरवायला लावीन!"

डेलबर्टच्या तोंडचं पाणी पळालं. तपासनीस मात्र शांतपणे खाली उतरला.

"मला कळायचं ते कळलं. इथं सही करा. गारांनी छप्पर फुटलं तर भरपाई मिळेल, नुसते पोचे आले तर नाही. कबूल असेल तरच सवलत."

डेलबर्टने पेन हातात घेतलं.

"अहो, थांबा!" बर्डेटबाई एकदम पुढे धावल्या. "त्या पोच्यांवर मुळीच सही करू नका! मी केली आणि फसले. वसंतातल्या गारांनी माझ्या छपराला एवढाले पोचे पाडलेत, पण एक सेंट दिला नाही मेल्यांनी!"



"पोचे?" व्हर्नाने हळूच विचारलं. "डांबरी छपराला?"

डेलबर्टने तेवढ्यात सही ठोकली.

बर्डेटबाईंनी पर्समधून रुमाल काढून कपाळ टिपलं. मग अगदी मधाळ आवाजात म्हणाल्या, "व्हर्ना, तुझी ती पीचची गोड पेस्ट्री खाऊन किती दिवस झाले गं!"

"करते की," व्हर्ना म्हणाली. "अलास्काहून आले की."