ढोबळी मिरचीचा आवाज

कान शेगडीजवळ नेऊन ढोबळी मिरची भाजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कामतघरच्या आमच्या चाळीतले बाळारामदादा. चाळीस वर्षं त्यांनी लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, दुरुस्त केले. कारखान्यात पाऊल टाकताच नुसत्या आवाजावरून कुठला लूम बिघडलाय ते सांगत. निवृत्तीनंतर हीच विद्या त्यांनी भाजीवर चालवली.

शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे गल्ली शांत. त्या दिवशी गच्चीवर शेगडी पेटते. जुन्या सळ्यांची जाळी, तिच्यावर मिरची, कांदा, वांग्याच्या चकत्या. सोबत कोऱ्या मांजरपाटात रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का. त्यात साय, लसूण, मिरपूड घालून तो असा घोटायचा, की चमचा उभा राहिला पाहिजे. एकदा मी नुसतं दही चालेल म्हणालो, तर दादा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. "आवाज बदलला का उलटायचं, मास्तर," हा त्यांचा मंत्र.

हा प्रकार त्यांना लेकीनं शिकवला. दर्शना मस्कतला नोकरी करते. तिलाही शुक्रवारी सुट्टी, म्हणून भाज्या जाळीवर चढल्या की तिचा व्हिडिओ कॉल येतो. "करपली का, बाबा?" हा तिचा ठरलेला प्रश्न. त्या अर्ध्या तासासाठी हा माणूस उरलेले सहा दिवस कसेबसे ढकलतो.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी मिरची तडतडून काळी होत होती आणि दादा शांतपणे कान लावून बसले होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. लूमच्या खडखडाटात कान गेले होते. कारखान्यात सगळेच ओठ वाचून बोलतात, त्यामुळे आम्हाला पत्ता लागला नाही आणि लेकीलाही नाही.

"तिला सांगू नको. कळला तर नोकरी सोडून येल," दादा म्हणाले. ती यावी म्हणून झुरणारा माणूस हे म्हणत होता. मला रागच आला, पण शब्द दिला. तेव्हापासून "आवाज बदलला का?" हे ते मलाच विचारू लागले.

परवा दर्शनानं ताटली दाखवायला सांगितली. पाहिली, मान खाली घातली आणि हळूच काहीतरी विचारलं. ओठ दिसले नाहीत. दादांना वाटलं, नेहमीचाच प्रश्न. ते हसत म्हणाले, "न्हाय, न्हाय. अजिबात न्हाय."

तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला. मी दादांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"करपली का, असं नव्हतं विचारलं तिनं. 'मी परत येऊ का, बाबा?' असं विचारलं."

दादांनी जाळीवरची मिरची चिमट्यानं बाजूला ओढली.

"आवाज बदलला व्हता तिचा?"

"बदलला होता."

त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि फोन परत लावला.